उन्हातली जयंती, उन्हातले काम

आपल्या वर्षातले मोठे दिवस पाहा. 20 मार्चला महाड, 11 एप्रिलला जोतीराव फुले जयंती, 14 एप्रिलला भीमजयंती आणि मे महिन्यात वैशाख पौर्णिमा. एक 6 डिसेंबर आणि अशोक विजयादशमी सोडली, तर आपण हजारोंनी एकत्र येतो, ते बहुतेक दिवस भर उन्हाळ्यात येतात. याच महिन्यांत आपल्यातले कितीतरी लोक इमारतीच्या स्लॅबवर, रस्त्याच्या कामावर, सफाईच्या गाडीवर आणि तळोज्याच्या कारखान्यांत राबत असतात. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही उष्माघाताचा विषय घेतला आहे.

हा विषय आपल्या पनवेलला नवा नाही. 16 एप्रिल 2023 रोजी पनवेल तालुक्यातच, खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. राज्यभरातून लाखो लोक आले होते. काही जण तर आदल्या रात्रीच येऊन बसले होते. कार्यक्रम दुपारपर्यंत चालला. व्यासपीठावर छप्पर होते, समोरचा जनसमुदाय उघड्यावर होता. त्या उन्हामुळे 14 माणसांचा जीव गेला. अनेकांना कामोठे, खारघर परिसरातल्या रुग्णालयांत दाखल करावे लागले. मृतांपैकी बऱ्याच जणांच्या पोटात कित्येक तास अन्न गेलेले नव्हते, अशी माहिती शवविच्छेदनानंतर वृत्तपत्रांतून आली. सरकारने चौकशी समिती नेमली आणि उन्हाळ्यात दुपारी 12 ते 5 या वेळेत उघड्या मैदानावर कार्यक्रम होऊ द्यायचे नाहीत, असे जाहीर केले.

तो कार्यक्रम आपला नव्हता. पण दोनच दिवस आधी, 14 एप्रिलला, आपणही रस्त्यावर होतो. ऊन तेच होते. मैदानावर बसलेली माणसेही आपल्यासारखीच, श्रद्धेने आलेली, शिस्तीने बसलेली, मधेच उठून जाणे बरे दिसत नाही असे मानणारी होती. या शेवटच्या गोष्टीचा आपण विशेष विचार करावा असे आम्हाला वाटते. सभेतून उठून सावलीत गेलेल्या म्हातारीला कोणी बेशिस्त म्हणू नये. 'थोडा वेळ कळ काढा' ही सूचना उन्हात देऊ नये.

38 अंशांत माणूस मरतो का?

त्या दिवशी जवळच्या केंद्रावर नोंदलेले कमाल तापमान 38 अंशांच्या आसपास होते. नागपूरच्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो हसेल. तिकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. मग 38 अंशांत असे काय झाले?

शरीराचे तापमान साधारण 37 अंश असते. बाहेरची हवा त्याहून गार असेल तर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवाच 37 च्या पुढे गेली की तो मार्ग बंद होतो आणि एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. नुसता घाम येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. विदर्भाच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो. पनवेल खाडीकाठी आहे. इथल्या हवेत आधीच पाण्याची वाफ भरलेली असते, त्यामुळे घाम टपटप गळतो पण वाळत नाही. शरीरातले पाणी आणि मीठ जाते, उष्णता मात्र आतच राहते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी सदरा अंगाला चिकटून बसतो, तो याच कारणाने.

हे लक्षात घेऊनच हवामान खात्याने किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा निकष वेगळा ठेवला आहे. मैदानी भागात कमाल तापमान 40 अंशांच्या पुढे गेल्यावर विचार सुरू होतो. किनारपट्टीवर 37 अंश आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त तापमान झाले की तो होतो. तेव्हा मोबाइलवर 36 किंवा 37 हा आकडा पाहून 'आज बरे आहे' असे पनवेलकरांनी म्हणू नये. शिवाय तो आकडा सावलीतला असतो. डांबरी रस्त्यावर, गर्दीत, जनरेटरच्या गाडीमागे चालणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्याहून बरेच जास्त येते.

ओळखायचे कसे आणि करायचे काय

उन्हाचा त्रास पायरी-पायरीने वाढू शकतो. आधी पोटऱ्यांत, पोटात गोळे येतात. मग डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, खूप घाम येतो, त्वचा ओलसर लागते, माणूस गळून जातो. इथपर्यंत तो शुद्धीवर असतो आणि नीट बोलतो. त्याला सावलीत आडवे करावे, पाय थोडे उंच ठेवावे, कपडे सैल करावे, ओल्या फडक्याने अंग पुसावे आणि घोट घोट पाणी, मीठ घातलेले ताक किंवा ओआरएस द्यावे. अर्ध्या तासात बरे वाटले नाही किंवा उलट्या थांबल्या नाहीत तर दवाखाना गाठावा.

खरा उष्माघात याच्या पुढचा. त्याची खूण डोक्यात दिसते. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, ओळख विसरतो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, झटके येतात किंवा तो बेशुद्ध पडतो. अंग भाजल्यासारखे तापलेले असते, आतले तापमान 40 अंशांच्या पुढे गेलेले असते. त्वचा कोरडी पडते असे पूर्वीपासून सांगितले जाते आणि घरी बसलेल्या वृद्धांत तसे दिसतेही. पण काम करताना किंवा मिरवणुकीत नाचताना कोसळलेल्या तरुणाचे अंग घामाने भिजलेले असू शकते. घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, असा निष्कर्ष काढू नये. 'प्यायला असेल, पडू दे' असे म्हणून बाजूला सारलेला माणूस तासाभरात दगावू शकतो.

अशा वेळी दोन माणसांनी दोन कामे एकदम करायची. एकाने 108 ला फोन लावायचा. दुसऱ्याने तिथल्या तिथे अंग गार करायला लागायचे. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचे नाही. सावलीत न्या, वरचे कपडे काढा, मिळेल ते पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओता आणि पुठ्ठा, टॉवेल, पंखा जे हाताशी असेल त्याने जोरात वारा घाला. बर्फ असेल तर फडक्यात बांधून मान, काखा आणि जांघांत ठेवा, तिथे मोठ्या रक्तवाहिन्या त्वचेजवळ असतात. स्त्री असेल तर बायकांनी भोवती साड्यांचा, ओढण्यांचा आडोसा धरावा, पण लाजेपायी पाणी ओतायचे थांबवू नये. पहिला अर्धा तास फार मोलाचा. जितका वेळ मेंदू, मूत्रपिंडे आणि यकृत तापलेले राहतात, तितके नुकसान वाढत जाते.

बेशुद्ध किंवा गोंधळलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. आपल्याकडे कोणी पडले की पहिला हात पाण्याच्या ग्लासाकडे जातो आणि त्यामागे माया असते, पण ते पाणी श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून ठेवा. तापाची गोळीही देऊ नका. हा जंतूंमुळे आलेला ताप नव्हे, त्या गोळीने तो उतरत नाही.

आणि कांदा. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, असे सांगणारे प्रत्येक वस्तीत आहेत. जेवणात कांदा जरूर खा. खिशातला कांदा मात्र शरीरातली उष्णता शोषून घेत नाही, आणि कोसळलेल्या माणसाच्या तळपायाला कांदा चोळण्यात गेलेली दहा मिनिटे परत मिळत नाहीत. बाबासाहेबांनी आपल्याला विज्ञानाच्या वाटेवर आणले ते अशा वेळेसाठीही.

जयंती मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्या

जयंतीच्या बैठकांत वर्गणी, मंडप, चित्ररथ आणि बँड यांवर रात्र-रात्र चर्चा होते. उन्हावर पाच मिनिटेही होत नाही. ती व्हावी म्हणून काही गोष्टी इथे मांडतो.

पहिली वेळ. ध्वजारोहण आणि वंदना सकाळी लवकर उरकावी, मिरवणूक ऊन उतरल्यावर काढावी. बहुतेक ठिकाणी हेच ठरलेले असते. अडचण होते ती मधल्या वेळात. सकाळचा कार्यक्रम पाहुण्यांची वाट पाहत साडेअकरापर्यंत रेंगाळतो, किंवा चारची मिरवणूक म्हणून लेझीम पथकातल्या मुलींना अडीच वाजताच उन्हात उभे केले जाते. पाहुणे उशिरा आले तर कार्यक्रम त्यांच्याशिवाय सुरू करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. वक्त्याची वाट लोकांनी उन्हात बसून पाहू नये.

दुसरे पाणी. 'पाण्याची सोय केली आहे' एवढ्यावर भागत नाही, हिशोब करावा लागतो. उन्हात चालणाऱ्या माणसाला साधारण दर वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे तासाला पाऊण लिटर पाणी लागते. मिरवणुकीत 500 माणसे असतील आणि ती तीन तास चालणार असेल तर 1125 लिटर पाणी झाले. वीस लिटरचे 56 जार. दहा जार मागवून ते रथावर ठेवले तर पुढच्या शंभर जणांना मिळते, मागच्या बायका-मुलांना मिळत नाही. म्हणून पाणी मिरवणुकीच्या वाटेवर, ठरावीक अंतरावर, सावलीच्या जागी ठेवावे आणि प्रत्येक ठिकाणी एक जबाबदार कार्यकर्ता असावा.

ज्या लोकांना पाण्याच्या तळ्यापर्यंत जाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या कार्यक्रमात कोणी तहानलेला राहू नये. महाडचे चवदार तळे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. आणि बाबासाहेबांसाठी पाण्याचे मडके घेऊन वाट पाहत राहिलेल्या सोनबा येलवे यांची गोष्ट तर पनवेलचीच म्हणून घराघरांत सांगितली जाते. पनवेलच्या मंडळाने पाणपोई लावताना निराळी प्रेरणा शोधायला नको.

पाण्याबरोबर बर्फाचेही सांगतो. सरबतात मासळी किंवा माल टिकवण्यासाठीचा बर्फ पडला की उन्हापासून वाचलेला माणूस जुलाब किंवा काविळीने आजारी पडतो. खाण्यायोग्य नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम 2018 पासून आहे. निळा रंग आपल्या अभिमानाचा असला तरी निळा बर्फ सरबतात नको. रंग नाही म्हणून बर्फ चांगलाच, असेही समजू नये. कुठल्या पाण्याचा आहे हे विचारून घ्यावा किंवा सरळ माठाचे पाणी वापरावे.

तिसरी गोष्ट बैठकीत कोणी बोलत नाही, कारण बैठकीत बायका कमी असतात. ती म्हणजे शौचालय. कार्यक्रमाच्या जागी स्वच्छ, आडोशाचे, पाणी असलेले शौचालय नसेल तर बाया सकाळपासून पाणी पीत नाहीत. घरून निघतानाच ठरवून येतात. वर पांढरी नायलॉनची साडी, उपवास असेल तर पोट रिकामे. मग चक्कर येऊन पडणाऱ्यांत त्या पुढे असणार यात नवल कसले? पाण्याच्या जारइतकाच खर्च फिरत्या शौचालयासाठी धरावा. महानगरपालिकेकडे आधी अर्ज करावा आणि वाटेवरचे विहार, समाजमंदिर, ओळखीच्या घरांची दारे महिलांसाठी उघडी ठेवावीत. हे झाले नाही तर 56 जारांपैकी निम्मे पाणी तसेच राहील.

लहान मुलांबद्दलही बोलू. छोट्या भीमरावाला निळा कोट, टाय, बूट, चष्मा घालून उघड्या जीपवर बसवलेले पाहून ऊर भरून येतो. पण तो कोट जाड कापडाचा असतो आणि मूल चार-पाच वर्षांचे. लहान मुलांचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापते आणि त्यांना नीट सांगताही येत नाही. फोटो झाला की कोट काढावा, मुलाला सुती सदऱ्यावर राहू द्यावे. नाचणाऱ्या, ढोल वाजवणाऱ्या तरुणांना दर अर्ध्या तासाने बदली द्यावी. दारूबद्दल इथे वेगळे सांगायला नको, पाचवे शील सर्वांना पाठ आहे. उन्हात तिचा धोका दुप्पट, कारण ती शरीरातले पाणी बाहेर काढते आणि तहान कळू देत नाही.

ओआरएसची पाकिटे मंडळाच्या पेटीत असावीत. एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण रिकामे करायचे, अर्धे-अर्धे नाही. 1971 च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे हे साधे पाणी पिंपांतून पाजून हजारोंना वाचवले होते. दुकानात गोड सरबताचे रंगीत खोकेही याच नावाने विकले जात असत. 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यावर बंदी आणली. औषधाच्या दुकानातून घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहून घ्या. मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किती पाणी आणि मीठ चालेल हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे.

नाक्यावरचे ऊन

जयंती वर्षातून एकदा येते, नाका रोज असतो. सकाळी सात-आठला नाक्यावर उभा राहिलेला बिगारी अकरा वाजता स्लॅबवर असतो आणि काम सोडले तर हजेरी जाते. त्याला 'दुपारी घराबाहेर पडू नका' असा सल्ला देणे सोपे आहे, तो आम्ही देणार नाही.

सर्वांत जास्त धोका नव्या माणसाला. उष्णतेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. गावाहून नुकताच आलेला, आजारपणानंतर परतलेला किंवा पावसाळी आठवड्यानंतर अचानक उन्हात गेलेला कामगार पहिल्या काही दिवसांतच कोसळतो. मुकादम आपल्याच माणसांपैकी असेल तर त्याने एवढे करावे: नव्याला पहिले दोन-तीन दिवस हलके काम द्यावे, जड काम सकाळी लवकर घ्यावे, दुपारी बारा ते तीनमध्ये सावलीतली कामे काढावीत आणि कोणालाही एकटे कामाला लावू नये. उष्माघात झालेल्याला स्वतःला कळत नाही, ते शेजारच्यालाच दिसते. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे, ही खूण प्रत्येकाला स्वतः पाहता येते.

हे मागताना आपण उपकार मागत नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामाचे तास कमी करण्याचा लढा दिला आणि 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. 1948 च्या कारखाना कायद्यात 250 पेक्षा जास्त कामगार असतील तिथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी गार करून देण्याची तरतूद झाली. गार पाणी ही सवलत नव्हे, कायद्याने मान्य केलेली गरज आहे, हे तळोज्यातल्या ठेकेदाराला सांगायला युनियनने संकोचू नये.

पत्र्याची घरे आणि विहार

जे बाहेर जात नाहीत तेही सुरक्षित नाहीत. पत्र्याच्या घरात दुपारी बाहेरपेक्षा जास्त उकडते आणि पत्रा तापलेला असल्याने संध्याकाळीही सुटका नसते. अशा घरात म्हातारे आई-वडील, अंथरुणाला खिळलेला माणूस किंवा बाळंतीण दिवसभर एकटी असते, कारण बाकीचे कामावर. मृत्यू झाला तर 'वय झाले होते' म्हणून विषय संपतो, उन्हाची नोंद कुठेच होत नाही. अहमदाबादमध्ये मे 2010 च्या लाटेत नेहमीपेक्षा 1300 हून अधिक मृत्यू जास्त झाल्याचे पुढे मोजल्यावर कळले. त्यातून त्या शहराने 2013 मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. पत्र्यांना पांढरा रंग देणे हा उपाय तिथे नंतर वस्त्यांमध्ये वापरला गेला. पांढरा चुना फासला तरी पत्रा कमी तापतो, खर्चही झेपण्याजोगा आहे. पत्र्याखाली पोत्याचे किंवा बांबूच्या चटईचे दुसरे छत घातले तर आणखी फरक पडतो.

रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर टाकतात. मनाच्या आजाराच्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या घाम कमी करतात. घरात अशी औषधे घेणारे कोणी असेल तर उन्हाळ्याच्या आधी डॉक्टरांना दाखवून डोस विचारून घ्यावा. मनाने गोळी बंद करू नये.

बुद्ध विहारे बहुधा पक्क्या बांधकामाची, उंच छताची आणि पंखे असलेली असतात. दुपारी ती कुलूपबंद असतात. एप्रिल आणि मे महिन्यांत दुपारी 12 ते 4 विहार उघडे ठेवावे, खाली चटया अंथराव्यात, माठ भरून ठेवावा आणि वस्तीतल्या वृद्धांना तिथे येऊन पडू द्यावे. आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुऊन, उचलून नीट निजवणाऱ्या तथागतांच्या मूर्तीसमोर कोणी दमलेली आजी झोपली तर त्यात अनादर काही नाही. जे चालत येऊ शकत नाहीत त्यांची यादी महिला मंडळाने करावी: नाव, घर, आजार, जवळच्या नातेवाइकाचा फोन. उन्हाची सूचना आली की दुपारी एकदा कोणीतरी दार वाजवून यावे. यादीची एक प्रत विहाराच्या कपाटात, एक अध्यक्षांकडे, एक वस्तीतल्या आशाताईंकडे असावी. आणि विहाराची किल्ली नोकरीवर जाणाऱ्या सचिवाकडे न ठेवता, दुपारी घरी असणाऱ्या शेजाऱ्याकडे द्यावी.